जर्मनीहून आलेली पानं

चिंचवडच्या कॉलनीत बायकांच्या पत्रिका पाहायचा मान वर्षानुवर्षं सुहासिनीबाईंचा. पण शेजारच्या नीलिमाचा नवरा कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेला आणि येताना भविष्य सांगायची चित्रांची पानं घेऊन आला, तेव्हापासून मेल्या सगळ्याजणी तिकडेच लोटल्या. सुहासिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचांग कशाशी खातात ते सटवीला ठाऊक नाही, आणि म्हणे मार्गदर्शन करते!

शेवटी तिचं पितळ उघडं पाडायला एका सकाळी त्या स्वतःच तिच्यासमोर जाऊन बसल्या. "सांग, आमच्या ह्यांना फोरमनची जागा मिळेल का?"

नीलिमानं तीन पानं मांडली. तिसऱ्यावर डोळे बांधलेली बाई तलवारींच्या गराड्यात उभी होती. नीलिमा क्षणभर थांबली, मग गोड हसली.

"सगळं छान आहे, वहिनी. फक्त शनिवारचा उपास सोडू नका."

सुहासिनीबाईंच्या काळजात धस्स झालं. पत्रिकेत काहीच आशा दिसली नाही, की त्याही हेच सांगून बायकांची बोळवण करत. दोन वर्षांपूर्वी, मूल होईल का विचारायला आलेल्या नीलिमालाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

आज शनिवार होता, आणि नीलिमाच्या ओट्यावर अजूनही साबुदाणा भिजत होता.