याडीच्या ओळीचा सरता

मित्रांनो, किसनसिंगच्या मते फायदा पक्का होता. पाच बायांचं तीन दिवसांचं निंदण एका दुपारच्या फवारणीत उरकणार, आणि उरलेले दिवस फुलसावंगीच्या चौकात बसून दुसऱ्यांना शेती शिकवता येणार. ज्वारीच्या सगळ्या ओळी त्याने हिशेबात धरल्या होत्या. माझी ओळ राहून गेली.

मी एक जुना सरता आहे. वर लाकडी वाटी, खाली बांबूची नळी, एवढाच माझा देह. जफर मिस्त्रीने मला घडवलं आणि किसनसिंगच्या आईच्या, तानाबाईच्या हाती दिलं. पेरणीला ज्वारीची तिफण पुढे चालायची. मी दोरीने बांधलेला, मागून ओढला जायचो. ज्वारीच्या काही ओळी झाल्या की एक ओळ माझी. तानाबाई माझ्या वाटीत मुठीने तूर सोडायची. तुरीचा पाला तिथेच गळून कुजायचा, आणि पुढच्या साली त्या पट्ट्यातली ज्वारी कणसाने जड व्हायची. कौतुक मात्र तिफणीचं.

"ज्वारी माही, तूर याडीची," किसनसिंग पाहुण्यांना सांगायचा. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. घरची रीतच होती, सरत्याची ओळ पेरणाऱ्या बाईची. वर्षाचं वरण त्यातून निघायचं, आणि निंदायला येणाऱ्या सुखीबाईला मिळणारी दोन पायल्या तूरही. सुखीबाईला स्वतःचं शेत नव्हतं.

"पायली नीट भरजो तानाबाई, मागल्या साली तुहा अंगठा आत होता."

"मंग तोही घेऊन जाजो."

गेल्या पावसाळ्यात तण माजलं. तणनाशक घेताना दुकानात किसनसिंगने एवढंच विचारलं, "ज्वारीले काही होत नाही ना?"

"ज्वारीले नाही. रुंद पानाचं सारं जळते."

उत्तर खरं होतं, प्रश्न अर्धा होता.

पंपात ओतायला नरसाळं सापडेना, म्हणून त्याने मला गोठ्यातून काढलं. ज्या तोंडातून मी तूर जमिनीत सोडली होती, त्याच तोंडातून ते औषध पंपात गेलं. मित्रांनो, वस्तूला नाही म्हणता येत नाही.

पाचव्या दिवशी ज्वारी ताठ उभी होती. तुरीची पानं पिळवटून पिवळी पडली होती. तानाबाई त्या ओळीत खाली बसली.

"याडी, ज्वारी तर वाचली."

"तुही ज्वारी वाचली," ती म्हणाली.

तिने मला राखेने तीनदा घासलं, नाकाशी धरलं, आणि खुंटीला टांगलं. लाकडात मुरलेलं निघत नाही. माझ्यातून तिने पुन्हा बी सोडलं नाही.

सुगीला सुखीबाई आली. निंदण झालंच नव्हतं, तरी सवयीने पिशवी आणली होती.

"यंदा अंगठाही नाही का?" तिने विचारलं.

तानाबाई हसली नाही.

मित्रांनो, फवारण्याआधी शेतातली प्रत्येक ओळ बघा. जिचा मालक गप्प असतो, ती सगळ्यांत आधी. आणि बियाण्याच्या भांड्यात विष ओतू नका.

किसनसिंगचे तीन दिवस वाचले. तानाबाईचं वरण गेलं, जमिनीचा पाला गेला, माझी पेरणी गेली. आणि सुखीबाई, जिला कुणी काही विचारलंच नव्हतं, तिने या फायद्याची किंमत भरली: तीन दिवसांची मजुरी आणि दोन पायल्या तूर.