नवव्या पानावरचा डावा हात

मुस्यू देल्कुर लबाडी करत होते आणि अख्ख्या वॉर्सात हे फक्त मला कळलं होतं.

मी त्यांच्या डाव्या अंगाला, पियानोशेजारच्या खुर्चीवर बसले होते. पानं उलटायचं काम माझं. डाव्या हाताने वरचा कोपरा धरायचा, उठायचं, उलटायचं, बसायचं. बांगडी नको, शिंक नको, गुणगुणणं तर मुळीच नको. शाळेतल्या तेवीस मुलींमधून मला निवडलं होतं, आणि का निवडलं ते मला माहीत होतं. ती रचना मला तोंडपाठ होती.

रचना ओतिलिया बाईंची, म्हणजे माझ्या पियानोच्या बाईंची. त्यांनी ती पन्नास साली लिहिली. तेव्हा सरकारी संगीत समितीने सांगितलं की फार उदास आहे, शेवट जरा आनंदी करा. बाईंनी केला नाही. आठ वर्षं ती रचना त्यांच्या घरी टेबलक्लॉथच्या खाली खणात पडून होती. आता वारं बदललं होतं, आधुनिक संगीताच्या महोत्सवाला देशोदेशीची माणसं आली होती, आणि गुरुवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजणार होती. ब्रसेल्सचे मुस्यू देल्कुर वाजवणार होते. त्यांना पाठवलेली प्रत मी जुलै-ऑगस्टमध्ये केली होती, चौतीस पानं. बाईंचं हस्ताक्षर कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं आहे. मी उतरवायची, बाई तपासायच्या, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायच्या.

तर बुधवारी सकाळी, तालमीत, आम्ही नवव्या पानावर आलो. तिथे डावा हात उजव्यावरून उडी मारून पार वरच्या सुरांवर जातो. बाईंच्या घरी मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा ओळखीन. ट्रामच्या तारेवरचा बर्फ तडकावा तसं वाजतं. मुस्यूंचा डावा हात कुठेच गेला नाही. खालीच राहिला आणि तिथे कोळसा ओतल्यासारखा गडगडला.

आधी मला वाटलं, चुकले. मग त्यांनी पहिल्यापासून घेतलं आणि पुन्हा तेच. चुकणारा माणूस दोन वेळा तीच चूक इतक्या ऐटीत करत नाही. म्हणजे हे मुद्दाम होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या सातव्या रांगेत, डोक्यावर टोपी तशीच, ओठ मिटून बसल्या होत्या. माझ्या एका चुकलेल्या बोटावर वहीने टेबल बडवणाऱ्या बाई. तेव्हा मला त्यांचाही संशय यायला लागला. ऐकू येत नव्हतं, की काही ठरलं होतं?

तालीम संपली. मी पानं गोळा करेपर्यंत बाई गायब. खाली कोट सांभाळणाऱ्या गेनोवेफा मावशी विणत बसल्या होत्या.

"तुझ्या बाई कोट न घेताच वर गेल्या," त्या म्हणाल्या. "ग्रोखोल्स्कीची खोली कुठली विचारत होत्या. हातात लिफाफा. तोंड असं, की मी जिना दाखवला आणि गप्प बसले."

"लिफाफ्यात काय होतं?"

"मी काय एक्स-रे आहे? पण चांगलं काही नसणार. काल एकाने पियानोच्या पोटात हात घालून तारा ओढल्या, तेव्हासुद्धा लोकांची तोंडं इतकी वाकडी नव्हती."

मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले. समितीच्या ग्रोखोल्स्कींच्या दाराबाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. दारावर पाटी, भेटीची वेळ बारा. पावणेबारा झाले होते.

"बाई, ते नववं पान..."

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "ऐकलंस ना तूही?"

"ऐकलं. मग तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?"

"त्याला काय थांबवायचं, तो पाहुणा. त्याला सांगणारे इथले आहेत." लिफाफ्याने त्यांनी दाराकडे खूण केली. "पन्नास साली म्हणाले, शेवट बदला. आता तोंडाने म्हणत नाहीत. परस्पर बदलून घेतात, आणि मी टाळ्या घ्यायला उठून उभं राहायचं. नाही व्हायचं ते. रचना मागे घेतेय मी."

"पण मग कोणीच ऐकणार नाही ती."

"खणात निदान माझी तरी राहील."

आठ वर्षं, आणि उरली पंधरा मिनिटं. मी ठरवलं की मुस्यूंकडूनच वदवून घ्यायचं, कोणी सांगितलं आणि कधी.

ते कलाकारांच्या खोलीत काकडीचं लोणचं लावून पाव खात होते. माझं फ्रेंच शाळेतलं आहे, पण राग आला की बरं चालतं.

"नवव्या पानावर डावा हात तुम्ही खाली का वाजवता? कोणी सांगितलं?"

"कागदाने," ते म्हणाले. बोटं पुसून त्यांनी माझ्याच हातातल्या गठ्ठ्यातून नववं पान काढलं. "हे बघा, मादमोआझेल. खालची ओळ, खालचे सूर. मलाही विचित्र वाटलं होतं. पण म्हटलं, या शहराने युद्धात तळघरांत दिवस काढलेत, ते असेल. काल एका वार्ताहरालाही मी तसंच सांगितलं."

मी पान पाहिलं. तालमीत ते माझ्यासमोरच होतं, पण पाठ असलेलं पान कोण वाचतं? ओळीच्या सुरुवातीला जे चिन्ह असतं त्याला आम्ही किल्ली म्हणतो. ठिपके तेच, पण खालच्या किल्लीने खाली वाजतात, वरच्या किल्लीने वर. डावा हात उडी मारतो तिथे वरची किल्ली हवी होती. तिथे काहीच नव्हतं. ठिपके माझे, माझ्या जांभळ्या शाईतले. वर तारीखही माझीच, दोन ऑगस्ट. त्या दिवशी ऊन होतं आणि सगळ्या मैत्रिणी बाईंच्या खिडकीखालून मला हाका मारत नदीवर पोहायला गेल्या होत्या.

मुस्यूंवर संशय घेऊन झाला, बाईंवर झाला, ग्रोखोल्स्कींवर तर अर्धा जिना चढतानाच झाला होता. कान इतके तापले की मुस्यूंनी मला पाणी देऊ केलं.

सांगितलं नाही तर लिफाफा आत जाणार. सांगितलं तर उद्या त्या खुर्चीवर दुसरी कोणीतरी बसणार, बहुतेक ती नकचढी एमिलका. मी पान घेऊन पळाले.

बाई उठून उभ्या होत्या. बाराला तीन मिनिटं कमी.

"बाई, मी केलं ते. किल्ली राहिली माझ्याकडून. मुस्यू कागदावर आहे तसंच वाजवताहेत."

बाईंनी पान घेतलंच नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"ग्रोखोल्स्कीने? सांग, बोग्ना. तुझ्या शाळेचं काही म्हणाला का? आईच्या नोकरीचं?"

"बाई, मी त्यांच्याशी आजवर एक शब्दसुद्धा बोललेले नाही."

"असंच म्हणायला सांगतात."

मला रडू यायला लागलं, पण रडणं तर आणखीनच संशयाचं दिसलं असतं. म्हणून मी पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "तारीख बघा. दोन ऑगस्ट. तेव्हा हे पान तुमच्या स्वयंपाकघराबाहेर गेलेलंच नव्हतं. आणि खालचा कोपरा बघा."

बाईंनी चष्मा काढला, कोटाच्या अस्तराला पुसायला गेल्या, मग कोट खालीच आहे हे लक्षात येऊन स्कर्टला पुसला. कोपऱ्यात त्यांची दोन अक्षरं होती. तपासून, मान्य करून, ठसठशीत.

मग त्यांनी ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"मी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला ते ऐकू येत होतं. किल्ली नसतानाही." मग बाकावर बसल्या. "मूर्ख मुली. पोहायला जायची घाई होती?"

"जायचं होतं."

"मग जायचंस. निम्मं पान टाकून जायचंस, चाललं असतं." त्यांनी लिफाफा पर्समध्ये खोल, रुमालाखाली कोंबला. "उद्या नीट उलट. आणि त्याला सांग, आज रात्रीपर्यंत डाव्या हाताला उडी शिकव."

म्हणजे खुर्ची माझीच. मी तोंड उघडणार तेवढ्यात दारही उघडलं. ग्रोखोल्स्की आपल्या घड्याळाकडे, मग बाईंकडे, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत उभे राहिले.

"बाई, भेटायला आलात? काय काम होतं?"

"शाई हवी होती," बाई म्हणाल्या.

"शाई?"

"आणि टाक. जाड टोकाचा असेल तर बरं."

त्यांनी बाहेर डोकावून दोन्ही बाजूंना पाहिलं, मग दौत आणून दिली. बाईंनी पान बाकावर ठेवून वरची किल्ली काढली, एवढी मोठी की ब्रसेल्सहूनही दिसली असती. ग्रोखोल्स्की शाई वाळेपर्यंत दारातून हलले नाहीत.

"काय लिहिलंत तुम्ही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"उद्या या," बाई म्हणाल्या. "ऐका."