फुलांच्या जागेवर खारं

आमची सून विनिता आठ दिवस माझ्याशी गोड बोलत होती. लोकांच्या सुना उलट बोलतात म्हणून लोक कुरकुरतात, माझं उलटं. एरवी चहाची बशी आपटणारी बाई पोदेराकडचा गरम उंडा पाव आधी माझ्या पुढ्यात ठेवायला लागली. वर विचारते, "आई, पाय चेपून देऊ?" माझे पाय वीस वर्षं दुखतायत. तिला आत्ताच कसे ऐकू आले?

शाळा मी तिसरीत सोडली, पण माणूस मला वाचता येतं.

त्या आठ दिवसांत मी घरी बसून होते. हळर्णला माझ्या दिराच्या, पांडुरंगाच्या घरी नातू झाला आणि आम्हा सगळ्या घराण्याला सुयेर लागलं. मूल जन्मल्याचा विटाळ तो, अकराव्या दिवशी सुटतो. मी फुलं विकते, आणि सुयेरातल्या हातची अबोलीची फांती, गुंफलेली वेणी ती, देवाला चालत नाही. डिचोलीच्या बाजारात हे कोणाला कळलं नसतं. पण मला कळत होतं ना! पोर झालं त्यांना आणि जागा ओस पडली माझी.

जागा म्हणजे औषधाच्या दुकानाच्या पायरीपासून विजेच्या खांबापर्यंत, तीन हात. नवरा गेला तेव्हा माझा मुलगा गौरेश रांगत होता, तेव्हापासून मी तिथं बसते. त्या रस्त्याचा उतार माझ्या बुडाला पाठ आहे. पावसाचं पाणी कुठं वळतं, कुठली बस कधी येते, कुठली चप्पल देवळाकडे जाणारी आणि कुठली नुसतीच भाव विचारणारी, हे मी मान वर न करता सांगते. घरात मला दुखणी आहेत. तिथं बसलं की एक दुखत नाही.

गौरेश वास्कोला बंदरात कामाला आहे, शनिवारी घरी येतो. दोन वर्षं त्याचा एकच धोशा, "आई, आता पुरे, घरी बस." तोंड त्याचं, पण शब्द कोणाचे ते मला ठाऊक होतं.

आणि आता ही विनिता रोज सातला बाहेर. म्हणे शिवणाचा क्लास. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गोणी.

"शिवणाला गोणी कशाला गो?"

"कापडाचे तुकडे आहेत, आई."

दुपारी यायची ती थेट न्हाणीत. दोनदा साबण लावायची, मग घरात. कापडाचे तुकडे कापणाऱ्या बाईला एवढं काय धुवायचं असतं?

आठव्या दिवशी ती मला वाढत होती तेव्हा तिचं तोंड नीट बघितलं. डावा गाल करपलेला, उजवा होता तसाच. माझा घास हातात राहिला. सकाळचं ऊन खांबाच्या बाजूने असं एकाच अंगावर येतं ते माझ्या जागेवर. माझा डावा कान त्यानेच काळा झालाय.

म्हणजे ही माझ्या जागेवर बसते. सुयेरात देवाची फुलं विकते. नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकायच्या खटपटीत आहे. रात्रभर मी दोन्ही पापं तिच्या नावावर टाकली.

नवव्या दिवशी तिच्यामागच्या बसने गेले. लांबूनच दिसली, माझ्या खांबाला टेकून बसलेली. पुढ्यात फुलं नव्हती. खारं होतं! सुके बांगडे, आणि शेजारी गालमोचा, म्हणजे सुकटीचा ढीग. जिथं तीस वर्षं अबोली ठेवली तिथं बारीक सुकी सुंगटं! एका बाईला तिने कागदात बांधून दिली, वर आणखी मूठभर टाकली.

शेजारी भाजी घेऊन बसणारी तारा मला बघून ओरडली, "विनिता, उठ! देवी आली तुझी!"

विनिता उभी राहिली. "आई, आधी ऐका."

"ऐकते. नाक बंद करून ऐकते."

ती म्हणाली, रस्त्यावर बसणाऱ्यांची यादी करायला माणसं येणार होती. समोर माल नसेल ती जागा रिकामी धरायची. ताराने फोन करून कळवलं. म्हणून विनिताने मांद्र्याला माहेरी शेजारणीकडून सुकी मासळी मागवली, कारण मासळीला सुयेर नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तुम्ही काय केलं असतं? फुलं आणली नसती. खारं घेऊन बसला असता?"

मेले असते तरी बसले नसते.

तिने यादीवाल्यांनी दिलेली चिठ्ठी पुढे केली. मी एकेक अक्षर लावून वाचली. विनिता. पुढे सुकी मासळी. माझं नाव कुठंच नव्हतं.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"तुमचंच नाव सांगितलं होतं, आई. बसलेल्या माणसाचंच लिहितात म्हणाले."

"यादी कधी झाली?"

"दुसऱ्या दिवशीच," तारा मध्येच म्हणाली.

"मग पुढचे सात दिवस कशाला येत होतीस गो?"

विनिता पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "समोरचा हॉटेलवाला शटर वर करतो ना, तो आधी इकडे बघून मान हलवतो. एक दिवस मी आले नाही तर तो कोणाकडे बघेल, असं वाटलं."

ती मान तीस वर्षं माझ्यासाठी हलत होती. अशी आग झाली मला! पण हे कोणाला खोटं रचून सांगता येत नाही, तिथं बसल्याशिवाय ठाऊकच होत नाही. मी हॉटेलाकडे बघितलं. त्याने हात वर केला. आम्हा दोघींना मिळून केला की काय, देव जाणे.

तारा कोथिंबिरीच्या जुड्या उगीच खालीवर करत होती. सगळा रस्ता कान देऊन होता. म्हणून मी मोठ्यानेच बोलले,

"विनिता, चोर म्हणून धरायला आले होते. चोर नाहीस, लबाड आहेस. यादीत तुझं नाव लागलंय ते राहू दे, फक्त मासळी खोडून फुलं लिहून आण. ही जागा अकराव्या दिवशी तू धुवायची, वास जाईपर्यंत. मग माझ्या शेजारी बसायचं रोज, कारण मागितल्याशिवाय मूठभर वर टाकणाऱ्या बाईला मी एकटी सोडणार नाही. असा धंदा करतात गो, अवदसे?"