आमच्या गाडीत न्यूट्रल नाही

कासा भागात एक बाई डंपर चालवते म्हटल्यावर लोक आधी हसले, मग सल्ले द्यायला लागले. हसणं परवडलं. दुसऱ्याच्या गाडीवर मुरूम वाहून निर्मलाचा जीव आंबला होता आणि आता जुनी का होईना, ती स्वतःची गाडी घेणार होती. चुकीची गाडी गळ्यात पडली की काय होतं, ते तिनं घरातच पाहिलं होतं. मामानं ऐटीत मोठ्या इंजिनाचा डंपर आणला, सगळी कमाई त्याच्या टाकीत ओतली आणि आज मामा पुन्हा दुसऱ्याच्याच गाडीवर बसतो. म्हणून तिचं एकच म्हणणं होतं, गाडी कशीही दिसो, डिझेल पिणारी नको.

तलासरीला हायवेलगत मनिषभाईचं जुन्या गाड्यांचं यार्ड होतं. तिथं ती वडिलांना घेऊन गेली. बाप सुकऱ्या जुना ड्रायव्हर, एक पाय अधू, पण तोंड शाबूत.

"ही बघ बेन," मनिषभाईनं दहा चाकांची निळी गाडी दाखवली. नवा रंग, काचेवर झिरमिळ्या. "राणी आहे राणी."

निर्मलाची नजर मात्र कोपऱ्यातल्या सहा चाकांच्या पिवळ्या डंपरवर गेली. रंग उडालेला, पण सांगाडा सरळ, इंजिन लहान आणि पाड्यावरच्या अरुंद रस्त्यात वळेल एवढाच आकार.

"ते डबडं कशाला? आधी राणीचा ॲव्हरेज बघ," म्हणत मनिषभाईनं आपल्या ड्रायव्हरला, बाळ्याला, हाक मारली. निळीची टाकी पंपावर काठोकाठ भरली. बाळ्यानं ती रिकामीच उधव्याच्या रस्त्यानं चढावर नेली आणि माथ्यावर गेअर काढून न्यूट्रलमध्ये खाली सोडली. परत टाकी भरली तर डिझेल जेमतेम गेलं. सुकऱ्यानं मांडीवर थाप मारली.

"अस्साच उतरवायचो मी! उतार म्हंजे फुकटचं डिझेल, बाय."

निर्मलाच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या उतारानं बापाचा पाय खाल्ला, त्याचंच कौतुक! पाड्यावर सगळे म्हणत, त्या अपघातात ब्रेक गेला होता. सगळ्यांना खरं ठाऊक होतं, पण म्हाताऱ्याला कोण दुखवणार?

"मनिषभाई, मी रिकामी गाडी फिरवून पोट भरणार नाही. दोन्ही गाड्यांत मुरूम भरा. चालवणार मी, आणि उतरणार गेअरात."

"लुगडं घेते का, घडी मोडून बघायला?"

"लुगडं नाही आवडलं तर पेटीत पडून राहतं. डंपर रोज पितो. नाही जमत? मग निघते मी."

गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मनिषभाईनं कपाळाला आठ्या घालत जवळच्या खाणीतून मुरूम भरवला. दोन्हीत सारखाच, आणि टाक्याही काठोकाठ. निर्मलानं आधी निळी नेली. चढावर राणी नुसती धापा टाकत होती आणि पंपावर ती इतकं प्यायली की बाळ्यानंही मान फिरवली.

मग पिवळी. या वेळी सुकऱ्या शेजारी चढून बसला. गाडी खोकत नव्हती, कुरकुरत नव्हती, बैलासारखी चढली. माथा आला आणि म्हाताऱ्याचा हात सवयीनं गेअरकडे गेला.

"हात काढ, बा."

"उतार आहे, बाय. फुकटचा."

"फुकटचा नव्हता. पाय दिलास तू त्याला! ब्रेक नव्हता गेला बा, तू गेअर काढला होतास. न्यूट्रलला इंजिनाला चालू राहायला डिझेल प्यावंच लागतं. गेअरात ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारच इंजिन फुकट फिरवतो. वाचलं काय, सांग?"

सुकऱ्याचा हात हवेतच राहिला. निर्मलानं गेअर खाली घेतला. इंजिन घुमलं आणि गाडी पावलापावलानं उतरली. आपण फार बोललो असं तिला वाटलं, पण एक शब्दही परत घ्यावासा वाटला नाही.

पंपावर पिवळीची टाकी इतक्या लवकर भरली की पंपवाल्यानं नळी झटकून पाहिली. मनिषभाई म्हणाला, ही भंगारात द्यायची आहे. निर्मला म्हणाली, मग भंगारवाल्याच्या आधी मी आले. चावी घेतल्याशिवाय ती यार्डातून हलली नाही.

कागदपत्रं आटोपल्यावर दोघं कासाकडे निघाली. सुकऱ्या सारा रस्ता गेअरकडे जाणारा तो हात मांडीखाली दाबून बसला होता. एका उतारावर मागून एक डंपर न्यूट्रलमध्ये सुसाट आला. त्यानं हॉर्नवर हॉर्न दिले आणि डावीकडून, सुकऱ्याच्या खिडकीजवळून, पुढे घुसताना ड्रायव्हर ओरडला, "सोड की गाडी, बाई! डिझेल जास्त झालंय का?"

निर्मलानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच सुकऱ्यानं अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं होतं. मांडीखालचा हात आता वर होता, मूठ वळलेली.

"आमच्या गाडीत न्यूट्रल नाही!" तो घसा फुटेस्तोवर ओरडला. "माझी पोरगी चालवते!"