ताट, पेंढी, भारा

हे मला नीट सांगता येईल की नाही, खात्री नाही. पण मानसिंगचे आभार तोंडाने मानायला गेलो की तो हसण्यावारी नेतो, म्हणून लिहितो.

पंचाण्णव साली बाथरूममध्ये घसरलो आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा ती बारकी मांडी पाहून मी चादर ओढून घेतली. मांडी आवळायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, असा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला होता. मी तो मनापासून केला नाही. कारण एक पुस्तक.

फूटपाथवर घेतलेलं शरीरशास्त्राचं एक जुनं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात वाचलं, की स्नायू म्हणजे तंतूंचे जुडगे. एकेका तंतूला पातळ आवरण, तंतूंच्या जुडग्याला जरा जाड आवरण आणि सगळ्या जुडग्यांना मिळून आणखी एक. पान संपता संपता वाक्य होतं : मोठ्या माणसात तंतूंची संख्या सहसा वाढत नाही. मी पुस्तक मिटलं. गेलं ते गेलं, असा अर्थ लावला. पान उलटायचा धीर झाला नाही.

आमचं घर सानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुलगी वैदेही फोनवर म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत जिना जमला नाही, तर नाशिकला आमच्याकडेच या. तळमजला आहे." तिचं चुकलं नव्हतं. पण मला हे घर सोडवत नव्हतं. तरीही मी "बरं" म्हणालो. पत्नी वैजयंती माझी पुस्तकं खोक्यांत भरू लागली.

मला खाली न्यायचं कसं, हे विचारायला तिने मानसिंगला बोलावलं. तो पहिल्या मजल्यावर राहतो. मूळचा साताऱ्याकडचा, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. प्लास्टर घातल्यावर त्याने आणि त्याच्या भावाने मला खुर्चीसकट वर आणलं होतं. मी जन्मभर कारकुनी केली, पण चष्म्यामुळे तो मला मास्तर म्हणतो.

"मास्तर, तुमचं वजान काय न्हाई," तो म्हणाला. "पर गोण गप बसती. तुमी जिनाभर सॉरी सॉरी करता."

"घरातही तेच, मानसिंगराव," वैजयंती म्हणाली.

खोक्यातलं ते पुस्तक त्याने सहज उघडलं. कापलेल्या स्नायूची आकृती पाहून म्हणाला, "ह्यो कडबा कुनी काडला?"

"कडबा नाही. मांडी आहे ती."

"मांडी? अवो, ही बघा ज्वारीची ताटं. ताटांची पेंढी, पेंढ्यांचा भारा. न्हाई म्हना!"

मला नाही म्हणता येईना. तंतू, जुडगा, स्नायू. ताट, पेंढी, भारा. सगळं जागच्या जागी होतं.

"पण ताटं वाढत नाहीत म्हणे," मी पुटपुटलो. "आहेत तेवढीच राहतात."

"मग? शेतात पन पेरली तेवढीच असत्यात की. पानी दिलं तर जाड व्हत्यात, न्हाई दिलं तर काडी. तुमची ताटं हायत जाग्यावर. पानी कुनी द्यायचं, मी?"

मी त्याच्या हातून पुस्तक घेतलं आणि ते पान उलटलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : तंतू तेवढेच राहतात, पण काम दिल्याने एकेक तंतू जाड होतो आणि न दिल्याने बारीक. इतके दिवस मी अर्ध्या वाचनावर घर सोडायला निघालो होतो.

"अहो, काय झालं?" वैजयंतीने विचारलं.

"खोकी भरू नकोस," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मार्केटातून परतताना मानसिंग जिन्यातूनच ओरडायचा, "मास्तर, पानी दिलं का?" "दिलं" म्हणता यावं म्हणून मी दुपारच्या आत पाय पन्नासदा उचलून ठेवायचो. पुढे उंबरा ओलांडला, मग एक पायरी, मग चार.

वसुबारसेला मी कठडा धरून खाली निघालो. मानसिंग माझ्याकडे तोंड करून एक पायरी खाली, उलटा उतरत होता. हात पुढे होते, पण लावले नाहीत. तळाशी पोचल्यावर माझी मांडी थरथरत होती. मी बोलायला तोंड उघडलं.

"सॉरी म्हनू नका."

"आभार मानणार होतो."

"ते वर चडल्यावर."

वर यायला वीस मिनिटं लागली. शेवटची पायरी चढून मी वळलो, तोवर मागून येणारा मानसिंग कामाला निघूनही गेला होता. वैजयंतीने नाशिकला फोन लावला आणि मी पुस्तकं कपाटात परत लावायला बसलो.