पाळण्याची कड

लाल कागदाचा तो गोल बोटाला चिकटला तो सुटेचना. अंगठ्याने ढकलला की अंगठ्याला चिकटायचा, अंगठ्यावरून परत बोटाला — करंगळीच्या नखाएवढा, पण भारी हट्टी. समोर टेबलावर कापडी बाहुलं उताणं पडलेलं, डोळ्यांच्या जागी काळी बटणं, आणि अंगावर तिनेच मघाशी मोठ्या झोकात लावलेले बाकीचे गोल. कपाळाला, कोपराला, गुडघ्याला. तीन महिन्यांच्या बाळाला घरात कुठे कुठे लागू शकतं ते दाखवा, असं प्रशिक्षक बाईंनी सांगितलं होतं आणि सभागृहातल्या सगळ्यांच्या आधी तिचं काम उरकलं होतं. लसीकरणाच्या खोलीत उभा जन्म काढलेली सिस्टर ती. तिला कोण काय शिकवणार?

"आता सगळे काढून टाका," बाई म्हणाल्या. "एकही नको. जे मूल अजून पालथंही पडत नाही, ते स्वतःला कुठे आपटून घेणार? त्याच्या अंगावर खूण दिसली तर ती कुणीतरी केलेली असू शकते, हे आधी मनात आणा. मग बाकीची कारणं."

हशा पिकला. फसवलंत बाई, असं मागून कुणीतरी म्हणालं. तीही हसली, कारण सगळे हसत असताना आपण हसलं नाही तर दिसतं... आणि हसता हसताच तिने कपाळावरचा गोल काढला, कोपरावरचा काढला. दंडावरचा तर आधीच निघून बोटाला आला होता. तोच हा.

दंडावरचा. दंडावर तिने कशाला लावला? बाकी कुणाच्याच बाहुल्याच्या दंडावर गोल नव्हता.

सकाळी पाणी कोमट होतं. नातवाला, ढब्बूला, तिने डाव्या हातावर तोललं होतं, साबणाने तो माशासारखा सुळसुळत होता, आणि उजव्या हाताने पाणी घालताना त्याचा दंड वर आला — निळसर ठिपके, ओळीने, आणि आतल्या बाजूला एकच, जरा मोठा. लेक टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं. लेकीचं तोंड किंचित उघडलं होतं, आणि ते पुरतं उघडायच्या आत ती म्हणाली होती, "पाळण्याची कड लागली असेल गं."

"हो," लेक म्हणाली. "कडच लागली असेल."

मग टॉवेल पुढे आला, ढब्बू त्यात गुंडाळला गेला, आणि तिने केस विंचरले, डबा भरला, प्रशिक्षणाला वेळेवर पोचली. त्या ठिपक्यांकडे बघताना बोटं आठवली नव्हती. नव्हती? की आठवली होती आणि तोंडाने घाई केली? माझं तोंड नेहमीच माझ्या पुढे असतं.

पुढचा सराव जोड्यांचा होता. एकाने आई व्हायचं, दुसऱ्याने सिस्टर. तिच्या वाट्याला रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर आले, झुपकेदार मिशांचा आडदांड माणूस, आणि ते आई झाले म्हटल्यावर आजूबाजूच्यांची हसून पुरेवाट झाली. "पदर घ्या की दादा!" कुणीतरी ओरडलं. पण दादांनी बाहुलं घेतलं ते इतकं बेतानं, मानेखाली पंजा देऊन, की हे नातवंडं खेळवलेलं माणूस दिसतंय असं तिच्या मनात आलं. बाहुल्याच्या दंडावर बाईंनी निळ्या पेनाने ठिपके काढले होते. सरळ शब्दांत विचारायचं, आणि विचारून झालं की गप्प बसायचं, एवढाच नियम होता.

"बाळाच्या दंडाला काय झालंय?" तिने विचारलं.

दादा गप्प राहिले. त्यांना तसंच सांगितलं असणार. त्यांनी बाहुल्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि त्या मोठ्या, घामेजल्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की तिला राहवेना. एवढा बाप्या माणूस, सगळ्यांसमोर, कशाला त्याला ताटकळत ठेवायचं... "पाळण्याची कड लागली असेल, नाही का?" ती म्हणाली.

"हां, कडच!" दादांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "कडच लागली, सिस्टर."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "ताई, त्यांना उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. आता ते दुसरं काही बोलतील का?"

तेच शब्द होते. सकाळचेच, एका अक्षराचा फरक नाही. तिने खुर्चीची पाठ धरली आणि दादांना म्हटलं, "माझी जुनी खोड आहे हो," आणि ते खरंच होतं. किती आयांना तिने अशी कड दिली असेल. कुणाला कड, कुणाला थोरल्या भावंडाचं खेळणं, कुणाला दाराची फट. समोरचं माणूस अडलं की तिचा जीव कासावीस होतो आणि हाताशी असेल ते ती देऊन टाकते. सगळे म्हणतात, सिस्टर फार प्रेमळ. आया तिच्याच खोलीत यायला बघतात. बघणारच.

प्रेमळ कसली... भित्री.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा ती जिन्याखाली गेली. घरात माणसं दोन, ती आणि लेक, आणि तिसरा ढब्बू. जावई बोटीवर, अजून महिने लागतील यायला. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे हिशेब करायलाही काही नव्हतं. ती बोटं आपली नव्हती, मग... तिने लेकीला फोन लावला. तो वाजत राहिला. वाजू दे. दुपारची वेळ आहे, डोळा लागला असेल, बाथरूममध्ये असेल — बघ, पुन्हा सुरू झालीस.

"हॅलो," लेक म्हणाली.

मागे काहीही ऐकू येत नव्हतं. पंखा नाही, रडणं नाही, ढब्बूचं ते उं-उं नाही. फोन तिने कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला.

"झोपलाय ना तो?"

"हो."

"आणि तू जेवलीस ना?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाल्यावर तिथेच उभी राहिली. दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं प्रश्नातच घालून दिली. लेकीनं फक्त त्यावर हो म्हटलं. अशी ती लहानपणापासून हो म्हणत आलीये. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय बाळ, तर मी सांगायचे, पोटात. शाळेत बाईंनी विचारलं, का गं गप्प, तर मी सांगायचे, लाजाळू आहे जरा. आणि आता बाळंतपणानंतर, माझ्याच खोलीतली दुसरी सिस्टर घरी येऊन तिला विचारत होती — झोप लागते का, मनात नको नको ते येतं का — तेव्हाही मी चहाचा ट्रे घेऊन मधे आले. "थकलीये हो जरा, पण मजेत आहे." लेक खिडकीबाहेर बघत होती. केस किती दिवस विंचरलेले नव्हते.

आणि गेल्या आठवड्यात, स्वयंपाकघरात. ढब्बू आत रडत होता, लेक ओट्याला टेकून उभी, हातातलं फडकं पिळत, कोरडंच फडकं पिळत, आणि म्हणाली होती, "आई, तो रडायला लागला ना, की मला..."

"...रडू येतं. माहितीये मला. सगळ्यांनाच येतं गं, पहिल्या बाळाच्या वेळी," तिने म्हटलं होतं आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवून आत ढब्बूला घ्यायला गेली होती. लेकीचं वाक्य तिथेच ओट्याशी राहिलं. ते काय होतं? की मला काय?

दुपारच्या सत्रात तिला एक शब्द धड ऐकू येत नव्हता, आणि जे ऐकू येत होतं ते थेट आत जात होतं. संशय आला तर कळवायचंच, बाई सांगत होत्या. घर कुणाचं आहे ते बघायचं नाही. "आणि कळवल्यावर?" पुढच्या ओळीतल्या कुणीतरी विचारलं. कळवल्यावर माणसं येतात, बाई म्हणाल्या, बाळाला तपासतात, आईशी बोलतात. आईचं मन आजारी असेल तर तिच्यावर उपचार होतात, ती बरीही होते. बाळ कधी घरातच राहतं, कुणाच्या तरी नजरेखाली. कधी काही काळ दुसरीकडे ठेवावं लागतं. "आणि नाही कळवलं तर काय होतं, ते मी सांगायला नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खरंच सांगितलं नाही. पडद्यावर दुसरं चित्र आलं.

दुसरीकडे. ढब्बूला दुसरीकडे. त्याला माझ्या खांद्याशिवाय ढेकर येत नाही. आणि लेकीला कोण काय म्हणेल... ज्या इमारतीत मला सगळे सिस्टर म्हणून ओळखतात, तिथेच लेकीचं नाव घ्यायचं? आणि घ्यायचं कुणी, तर मी. नाही कळवलं तर? ओळीने उमटलेले ते ठिपके. उद्या दंडाऐवजी मान... तिने डोळे मिटले. तिला स्वतःच्या लेकीचा संतापही येऊन गेला, लख्ख संताप, एवढंसं पोर गं ते, आणि त्या मागोमाग तिला रडू आलं, कारण लेकही तिला एवढीशीच दिसली, डॉक्टरांच्या टेबलावर पाय हलवत बसलेली, आणि आई तिच्या वतीनं बोलत होती.

घरी जाताना ती चालतच गेली. बसमध्ये बसली असती तर लवकर पोचली असती, आणि लवकर पोचायचंच होतं, तरीही. पायांनी ऐकलं नाही. वाटेत मनातल्या मनात प्रश्न घोकला. बाळाच्या दंडाला काय झालंय. मग गप्प. एवढं तर कुणालाही जमेल. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने "काय सिस्टर, आज पायी?" म्हटलं तर तिने त्यालाही काही उत्तर दिलं नाही. बिचारा बघत राहिला.

दार लेकीनेच उघडलं. घरात दिवा लावलेला नव्हता, खिडकीतून येणारा उजेड होता तेवढाच. ढब्बू पाळण्यात जागा होता, छताकडे बघत होता, रडत नव्हता. तीन महिन्यांचं मूल असं न रडता जागं... तिने पर्स खाली टाकली, हात धुतले, आणि त्याला उचलून घेतलं. तो गरम होता, जड होता, दुधाचा वास येत होता. सदऱ्याची बाही वर सरकली होती आणि ठिपके तसेच होते. पाळण्याच्या कडेला जाड कापडाची मऊ गादी शिवलेली होती. तिनेच शिवली होती, ढब्बू घरी यायच्या आधी, चारही बाजूंनी.

"दे, मी घेते," लेक म्हणाली आणि हात पुढे केले.

तिने दिला नाही. आपण देत नाही आहोत हे तिला आपल्या हातांवरून कळलं.

"याच्या दंडाला काय झालंय?"

लेकीचे हात हवेत तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले.

"तूच म्हणालीस ना सकाळी," लेक म्हणाली. "पाळण्याची कड."

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. लेक त्या मानेकडेच बघत होती, हलतेय का म्हणून, लहानपणी बघायची तशीच, आणि तिच्या जिभेवर एकावर एक येत होती — अंघोळ घालताना माझाच हात घट्ट झाला असेल, सदऱ्याची नाडी रुतली असेल, काही नसेल गं, उतरेल दोन दिवसांत — सगळी तयार, सगळी प्रेमळ. तिने दात दातांवर दाबले. ढब्बूने तिच्या गळ्याशी तोंड खुपसलं. ही शांतता तिला सोसत नव्हती. पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

लेक पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिने ती पिळायला सुरुवात केली.

"आई," ती म्हणाली, "तो रडायला लागला ना, की मला..."

आणि थांबली. सवयीनं थांबली. पुढचं आईने म्हणायचं म्हणून.

मी ढब्बूला घट्ट धरलं, मग ते घट्ट आहे हे लक्षात येऊन हात सैल केला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठाऊक नव्हतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती, तिची, तिच्यासाठी, आणि त्या वाक्याच्या उरलेल्या अर्ध्याची. मी काही बोलले नाही.