शेवटचं कडवं

रोहनने पुस्तक काचेवर पालथं दाबून धरलं, डाव्या हाताने हिरवं बटण दाबलं आणि उजव्या अंगठ्याने फोनवर उत्तर लिहीत राहिला. मशीन एकेक पान बाहेर टाकत होतं. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या दोन मुलींनी दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं, पण त्याने मान वर केली नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले तीन आठवडे हे असंच चाललं होतं.

'चोर तो चोर, वर शिरजोर,' त्याने लिहिलं आणि पाठवून दिलं.

'कायदा, तंत्रज्ञान, समाज' असं भारदस्त नाव असलेल्या त्या ग्रुपवर वकील होते, प्राध्यापक होते, आणि वकील किंवा प्राध्यापक नसल्याचा राग असलेली बाकीची मंडळी होती. रोहन या बाकीच्यांतला. त्याचे वडील शाहीर केरू बनसोडे यांची गायनपार्टी कराड तालुक्यात एकेकाळी नावाजलेली. जयंतीला त्यांच्या तारखा वर्षभर आधी ठरायच्या. त्यांचं खडीचं गाणं तर लोक फर्माईश करकरून तीन-तीनदा म्हणायला लावायचे. वडील चार वर्षांमागे गेले. त्यांच्या जुन्या कॅसेटवरून रोहनने ते गाणं इंटरनेटवर चढवलं होतं. परवापरवा एका मोठ्या म्युझिक कंपनीने तेच गाणं नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं, खाली 'पारंपरिक' असं लिहिलं, शेवटचं कडवं छाटलं आणि बाजारात आणलं. पाठोपाठ रोहनचा व्हिडिओ बंद झाला. कारण काय, तर या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क आहे.

त्याने तक्रार केली. अर्ध्या मिनिटात नकार आला. त्याने सविस्तर तक्रार केली, वडिलांचा फोटो जोडला, पुन्हा अर्ध्या मिनिटात तोच नकार, त्याच शब्दांत. अर्ध्या मिनिटात फोटो बघून, वाचून, विचार करून उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पलीकडे नुसतं यंत्र होतं. आपल्याला लुटलं आहे आणि शिवी द्यायला समोर कुणी नाही, याचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला. मग तो संताप घेऊन तो या ग्रुपवर आला, कारण इथे निदान माणसं होती.

माणसं होती म्हणून तर पंचाईत झाली. कुणीतरी त्याचीच तीन वर्षांपूर्वीची कॉमेंट उकरून काढली. तेव्हा कॉलेजांजवळच्या झेरॉक्सवाल्यांवर प्रकाशकांनी ओरड केली होती आणि रोहनने ठणकावून लिहिलं होतं, 'ज्ञान कुणाच्या बापाचं नाही. पुस्तक महाग असेल तर गरिबाचं पोर झेरॉक्स काढणारच.' त्याखाली आता एका वकिलाने विचारलं होतं, 'मग गाणं तुमच्या बापाचं कसं?' त्या प्रश्नाला एकशे चाळीस लोकांनी हसरे चेहरे दिले होते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं रोहनने उत्तर दिलं खरं, पण ते हसरे चेहरे त्याला जेवताना दिसत होते, अंघोळ करताना दिसत होते.

आणि त्यात ती रेश्मा शिकलगार. साताऱ्याच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवायची, कामावरच्या बायकांची गाणी गोळा करायची. ती चिडायची नाही, आवाज चढवायची नाही, म्हणून तिचा जास्तच राग यायचा. तिने गाण्याच्या दोन ओळी उतरवून घेतल्या होत्या.

खडी फोडिते उन्हात, लिंबाखाली तान्हं
चोळी भिजली दुधानं, त्याचं रडं येईना

खाली तिने लिहिलं होतं, 'कंपनी चूक करते आहे, यात शंका नाही. पण हे गाणं तुमच्या वडिलांनी रचलं असेल असं मला वाटत नाही. बाहेरून बघणाऱ्या पुरुषाने लिहिलं असतं तर त्याने बाळाचं रडणं लिहिलं असतं. इथे बाळ रडत नाही, आणि या बाईला नेमकी त्याचीच भीती वाटते आहे. हे कुणा बाईचं गाणं आहे.'

रोहनची कानशिलं तापली. म्हणजे कंपनीने नाव पुसलं ते पुसलंच, आता ही शिकलेली बाई पुसायला निघाली. त्याने लिहिलं, 'माझ्या वडिलांना दुसऱ्याचं दुःख कळत होतं, म्हणून ते शाहीर होते. कंपनीने जे कडवं कापलं ते ऐका, मग बोला.' आणि ते कडवं टाकलं.

केरू म्हणे, त्या खडीचा झाला रस्ता गं
त्या रस्त्यानं लेक माझी साळंला गेली गं

'केरू म्हणे. याहून मोठी सही कोणती पाहिजे? रविवारी चार वाजता वडिलांची वही आणि आईची साक्ष इथे टाकतो. तोपर्यंत सगळ्यांनी तोंड बंद ठेवा.'

दीपमाला, त्याची बायको, बाजूला ओळखपत्रं लॅमिनेट करत बसली होती. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

'ती बाई भांडत नाही वाटत,' ती म्हणाली. 'विचारतीय.'

तू तुझं काम कर, असं तो तिला म्हणाला. मुलींना त्याने नोट्स दिल्या त्या पानं उलटसुलट लावून, आणि त्या परत आल्या तेव्हा त्यांच्यावरही खेकसला.

रविवारी दुपारी तो कराडजवळ मलकापूरला पोचला तेव्हा त्याची आई येसूबाई निळ्या काठाचं पातळ नेसून तयार होती. पोरगा व्हिडिओ काढणार म्हणून तिने केस चोपून बसवले होते आणि आधारकार्डाचा फोटो काढताना बसली होती तशी खुर्चीत ताठ बसली होती. सत्तरी गाठली तरी सांगलीला राहायला यायचं नाव काढत नव्हती. रोहनने ट्रंकेतून वही काढली, तिच्या मांडीवर दिली, फोन उभा केला आणि काय बोलायचं ते समजावून सांगितलं. नाव सांगायचं, वही दाखवायची, आणि हे गाणं माझ्या मालकांनी रचलं एवढं म्हणायचं.

येसूबाईने नाव सांगितलं. वही दाखवली. मग म्हणाली, 'ह्ये गाणं आमच्या पार्टीचं हाय.'

पार्टीचं नको, आण्णांचं म्हण, असं सांगून रोहनने पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, 'ह्ये गाणं आमच्या घरातलं हाय.' त्याने फोन बंद केला. साडेतीन वाजत आले होते. ग्रुपवर लोकांनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केली होती, पुरावा येतोय की शाहीर झोपले. आई मुद्दाम करते की वयामुळे तिच्या लक्षात राहत नाही, हे त्याला कळेना. तो तिला झाला प्रकार पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. कंपनी, यंत्र, वकील. मग रेश्माचं म्हणणं त्याने चिडून तिला वाचूनच दाखवलं, म्हणजे लोक तिच्या नवऱ्याबद्दल काय काय बोलतात हे तिला कळावं.

येसूबाईने ते सगळं ऐकलं. बाळ रडत नाही आणि बाईला त्याचीच भीती वाटते, हे वाक्य तिने त्याला परत वाचायला लावलं.

'कुटली हाय ही?'

'साताऱ्याची. आन आण्णांनी रचलं न्हाई म्हणती.'

'खरं म्हणतीया.'

रोहनला आधी वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. पण ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते त्याने आजवर कधी बघितलं नव्हतं. ती चिडली होती.

मग तिने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ती माहेरी, दहिवडीकडे, रस्त्याच्या कामावर होती. सतरा वर्षांची. चार महिन्यांची पोरगी झोळीत. रोहनच्या आधी एक झाली होती आणि ती राहिली नाही, एवढं त्याला ऐकून माहीत होतं, पण कुठे आणि कशी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. गाणं पुढच्या वर्षी झालं. ती म्हणायची, त्याचे वडील लिहून घ्यायचे, कारण तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं.

'मग केरू म्हणे?' रोहन म्हणाला.

'पार्टीचं नाव ते. कुणाचंबी गाणं असूं दे, शेवटाला नाव बुवाचंच यायचं. ढोलकीवाला लालासाहेब हुता, त्याच्या गाण्यातबी केरू म्हणेच. त्यो एकदा भर मंडपात भांडला, तवा एका गाण्यात त्याचं घातलं.' ती थांबली. 'मी न्हाई भांडले.'

जे कडवं तो पुरावा म्हणून सगळ्यांच्या नाकासमोर नाचवत होता, ते कशाचाच पुरावा नव्हतं. पार्टीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर तो हसला असता. रोहनने वही तिच्या मांडीवरून घेतली. वडिलांचं वळणदार अक्षर, तारखा, लाल शाईच्या रेघा. त्याने पुढची दोन-चार पानं उलटली.

'ह्यातली आणखी कुटली?'

'त्ये आज नको.'

फोन थरथरला. पावणेचार. कुणीतरी लिहिलं होतं, वाट बघतोय. रोहनच्या मनात पहिल्यांदा आला तो रागच, आणि तो आईवरच आला. पन्नास वर्षं ही गप्प बसली. विहाराशेजारच्या वाचनालयाला वडिलांचं नाव दिलं तेव्हा पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, आणि आज, नेमकं आज, तिला तोंड फुटलं. तो तसं बोललाही. मग आवाज खाली आणून, गिऱ्हाइकाला समजावतात तसं त्याने तिला समजावलं. वही आण्णांच्या अक्षरातली आहे, शेवटी नाव आण्णांचं आहे, त्यावर कंपनीला धरता येईल. आता मध्येच नाव बदललं तर कंपनी म्हणेल, घरातच मेळ नाही.

'निकाल लागंपर्यंत आण्णांचंच नाव राहूं दे. मग बघू काय करायचं ते.'

येसूबाई खुर्चीतून उठली. उभं राहताना गुडघा धरावा लागला, पण ती उठली.

'त्या कंपनीनं कुणाचंच नाव घातलं न्हाई,' ती म्हणाली. 'तुझ्या आण्णांनी सोताचं घातलं. आन आता तू घालतूयास. ह्यातला कुणाचा मी उपकार मानू?'

रोहनने वहीत खडीच्या गाण्याचं शेवटचं कडवं काढलं.

'आन त्ये शेवटचं कडवं माझं न्हाई. मी त्ये कदी म्हटलं न्हाई. लोकांनी टाळ्या द्याव्यात म्हणून त्यांनी लावलं. माझ्या गाण्यात लेक साळंला जात न्हाई.'

'मग तुझ्यात शेवटी काय हाय?'

'मुकादम सुट्टी देतो. ती लिंबाकडं जाती. तितं थांबतंय.'

बाहेर कुणाच्या तरी दारात गाडी सुरू होत नव्हती, पोरं ती ढकलत होती. रोहन वही मिटून बसला. कंपनीने कापलेलं कडवं जागेवर बसवायला तो निघाला होता. त्या कडव्यावर पन्नास वर्षं मंडपच्या मंडप डोलले, त्याने स्वतः लहानपणी ताल धरून ते म्हटलं, आणि तेवढा वेळ ही बाई मंडपाच्या कडेला बसून आपली मेलेली पोर शाळेत गेलेली ऐकत होती. त्याला वडिलांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, म्हणून तो कुठे ठेवावा हे त्याला समजेना.

'पोरगी चांगली हाय ती,' येसूबाई म्हणाली. 'साताऱ्याची. तिला उत्तर दे.'

चार वाजून गेले होते. ग्रुपवर हसरे चेहरे जमायला लागले होते. तुमचं बरोबर आहे, हे तीन शब्द त्या ग्रुपवर आजवर कुणी कुणाला लिहिले नव्हते, आणि ते लिहायला रोहनला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्याने आईला वाचून दाखवलं.

'रेश्मा मॅडम, तुमचं बरोबर आहे. मी चुकलो. हे गाणं बाईनेच रचलं आहे, पण ते पारंपरिक नाही. ती बाई आहे आणि माझ्यासमोर उभी आहे. शेवटचं कडवं तिचं नाही, ते कुणीही म्हणू नये. रचना, येसूबाई केरू बनसोडे.'

येसूबाईने मान हलवत ऐकलं. पाठवू का, असं त्याने विचारलं.

'मधलं काढ,' ती म्हणाली.

'काय?'

'नावातलं. मधलं काढ.'

कागदोपत्री असंच लिहितात, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ज्या नावासाठी तीन आठवडे तो सगळ्या जगाशी भांडला होता, त्या नावापुढे त्याने बोट टेकवलं आणि ते एकेक अक्षर खोडलं.

'आता वाच,' येसूबाई म्हणाली.